निकाली कुस्ती आणि गुणांची कुस्ती

१० सप्टेंबर १९१०. लंडनच्या शेफर्ड्स बुश भागातल्या स्टेडियममध्ये पोलंडचा स्टॅनिस्लॉस झबिस्को मॅटवर पालथा पडला होता आणि पंजाबचा गामा त्याला उलटवू पाहत होता. सुरुवातीलाच गामाने त्याला खाली घेतलं होतं. त्यानंतर झबिस्कोने उभं राहायचा विचारच सोडून दिला. हातपाय पसरायचे, पोट मॅटला चिकटवायचं आणि मान आखडून घ्यायची, एवढंच तो करत राहिला. गामापेक्षा त्याचं वजन कितीतरी जास्त होतं. असा माणूस जमिनीला धरून बसला तर त्याला कुठून उचलायचं? प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, तरी झबिस्को हलला नाही. अडीच तास उलटून गेले आणि पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. १७ सप्टेंबरला पुन्हा जोड ठरली होती. त्या दिवशी झबिस्को मैदानात आलाच नाही आणि विजेत्याचा जॉन बुल पट्टा गामाच्या कमरेला बांधला गेला.

गामा लंडनला गेला तेव्हा त्याला कुणी दारात उभं करत नव्हतं. उंची साडेपाच फुटांच्या आसपास. तिकडच्या दांडग्या कुस्तीगीरांपुढे हा बुटका काय टिकणार, असं म्हणत त्याला स्पर्धेतच घेतलं नाही. मग त्याने उघड आव्हान दिलं : कुठल्याही वजनाचे तीन गडी अर्ध्या तासात पाडून दाखवतो. लोकांना आधी हा थट्टेचा प्रकार वाटला. अमेरिकेचा बेंजामिन रोलर पुढे आला. पेशाने डॉक्टर आणि कुस्तीतला नामांकित गडी. गामाने त्याला पहिल्यांदा १ मिनिट ४० सेकंदांत पाडलं आणि दुसऱ्यांदा साडेनऊ मिनिटांच्या आत. झबिस्कोची गाठ पडली ती त्यानंतर.

आपल्याकडे ही गोष्ट सांगताना झबिस्कोला भेकड ठरवून मोकळं होतात. मला ते पटत नाही. समोरचा गडी आपल्यापेक्षा वरचढ आहे, हे त्याने पहिल्या मिनिटातच ओळखलं. उभं राहून लढलो तर हरणार, हेही त्याला कळलं. पडून राहिलं तर नियमांत कुठेच पराभव नव्हता. प्रेक्षकांचा मान गेला, पण नावापुढे ‘पराभूत’ लागलं नाही. नियमपुस्तक वाचून लढायचं म्हणजे काय, याचा हा रोकडा नमुना आहे. आज पिंजऱ्यातल्या मिश्र मार्शल आर्ट्समध्ये एखादा लढवय्या वेळ काढण्यासाठी प्रतिस्पर्ध्याला नुसता बिलगून बसतो तेव्हा प्रेक्षक तशीच हुर्यो उडवतात, आणि त्याचा हिशेबही तोच असतो.

भारतीय पैलवान ज्या जगात घडत होता, तिथे हा हिशेब बसत नव्हता. आपली कुस्ती निकाली. घड्याळ नाही, गुण नाहीत, वजनगट नाहीत. पाठ जमिनीला लागली की संपलं. दोन तास लढूनही कुणी चीत झालं नाही तर पंच बरोबरीत सोडवणार, आणि गावकरी ती जोड पुढच्या जत्रेपर्यंत चघळत बसणार. अशा ठिकाणी पैलवानाचं नाव दोन गोष्टींवर ठरायचं : त्याने कुणाला चीत केलं आणि त्याचा वस्ताद त्याच्यासाठी कुणाशी जोड धरायला तयार झाला. जोड ठरवणं ही वस्तादाची खरी विद्या. फडात दोन पोरं समोरासमोर आणायची, दंडाला दंड लावून बघायचा, मान आणि मांडी नजरेने तोलायची, कुठल्या तालमीचा आहे ते विचारायचं, मग होकार द्यायचा नाहीतर पोराला मागे ओढायचं. उगवत्या मल्लाला लवकर मोठ्या जोडीत ढकललं तर एका चितपटीत दहा वर्षांची कमाई जाते, हे प्रत्येक वस्तादाला ठाऊक. तेव्हा रणनीती म्हणाल तर ती कुस्तीच्या आधीच सुरू व्हायची, हलगी वाजण्यापूर्वी.

या जगाला महाराष्ट्रात खरा राजाश्रय दिला तो कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी ते विलायतेला गेले. त्या प्रवासात रोममधलं प्राचीन प्रेक्षागार त्यांनी पाहिलं. असं काही आपल्या मल्लांसाठी असावं, हे तिथेच मनात घेतलं. त्यातून खासबागेचं मैदान उभं राहिलं आणि १९१२ मध्ये खुलं झालं. मधोमध हौदा आणि चारही बाजूंनी चढत गेलेली बसायची जागा, त्यामुळे सर्वांत मागच्या माणसालाही पैलवानाच्या घोट्यावरची पकड दिसते. उद्घाटनाला जोड लागली ती इमाम बक्ष आणि गुलाम मोहिउद्दीन यांची. इमाम बक्ष म्हणजे गामाचा धाकटा भाऊ, लंडनला त्याच्यासोबत गेलेला. त्याचं नाव पुढे पुन्हा येणार आहे.

कोल्हापूरच्या मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी या तालमींत हौद्याची माती कशी राखली जाते ते एकदा पाहावं. तांबडी माती चाळून घ्यायची, त्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालायचा आणि पोरांकडून रोज खोऱ्याने ती वर-खाली करून घ्यायची. ती माती अंगाला लागते तेव्हा घामाने निसटणारा हात पकडीत राहतो, आणि पैलवान पडला तरी हाड वाचतं. पण तीच माती पाय रुतवते, चालीचा वेग खाते. मातीवरचा मल्ल मग वेगाऐवजी दमावर आणि ताकदीवर उभा राहतो. हजार-हजार जोर, त्याहून जास्त बैठका, दूध, तूप, बदामाची थंडाई. हे सगळं लांबलेल्या कुस्तीसाठी आणि जड अंगासाठी.

गामाला झबिस्को पुन्हा भेटला तो जानेवारी १९२८ मध्ये, पतियाळाला, महाराजांनी बांधून घेतलेल्या आखाड्यात. गामा तेव्हा पन्नाशीला टेकला होता. एक मिनिट भरायच्या आत झबिस्को चीत. लंडनमध्ये अडीच तासांत जो निकाल लागला नाही, तो इथे डोळ्याचं पातं लवेपर्यंत लागला. त्या दिवसापासून भारतात एक समज घट्ट झाला की आपल्या मातीतला मल्ल जगात अजिंक्य आहे. त्यात खोटं फारसं नव्हतं. फक्त, जग ज्या नियमांनी खेळायला लागलं होतं त्या नियमांत आपले मल्ल फारसे उतरत नव्हते. ऑलिंपिक हौशी खेळाडूंसाठी होतं, आणि आपला नामवंत पैलवान इनामावर जगत होता. वजनगट होते, आणि आपल्या मैदानात मान होता तो शेवटच्या, सर्वांत जड जोडीला.

आमच्या वऱ्हाडात आखाड्याने वेगळी वाट धरली. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं केलं आणि आखाड्याला शाळेची शिस्त लावली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली. परदेशी पाहुणे थक्क झाले. पण ते प्रात्यक्षिक होतं. पदकासाठी त्यांच्या नियमात, त्यांच्या पंचासमोर, त्यांच्या गड्याला हरवणं बाकी होतं.

ते काम ज्याने केलं तो कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा. खाशाबा दादासाहेब जाधव, जन्म १५ जानेवारी १९२६. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, पाच भावांत खाशाबा धाकटे. कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत असताना बेचाळीसच्या चळवळीत त्यांनी भूमिगतांना आसरा द्यायला, चिठ्ठ्या-पत्रकं पोचवायला मदत केली. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. शरीर लहानखुरं, वजन जेमतेम. मातीच्या मैदानात अशा पैलवानाला दुपारच्या जोडीत लढायला मिळतं. हलगी अजून गरम झालेली नसते, लोक अजून येत असतात. इनाम थोडं, नाव थोडं. दिवस मावळायच्या सुमारास लागणाऱ्या मोठ्या कुस्तीपर्यंत असा माणूस कधीच पोचत नाही, कितीही डाव येत असले तरी.

ज्या वजनगटांनी आपल्या अवजड मल्लांना ऑलिंपिक परकं केलं, त्याच वजनगटांनी खाशाबांना मोठ्या कुस्तीत आणून बसवलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. ५२ किलोचा माणूस ५२ किलोच्या माणसाशी लढणार म्हटल्यावर प्रश्न उरतो तो फक्त चपळाईचा आणि डोक्याचा. ती दोन्ही त्यांच्याकडे होती. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. मान-हात पकडीत घ्यायचे, अंग फिरवून आपली कंबर समोरच्याच्या खाली घालायची आणि त्याच्याच ओघाने त्याला पाठीवर आणायचं. यात ताकदीपेक्षा क्षण साधावा लागतो. समोरचा पुढे रेटतोय, त्याचं वजन पंजावर आलंय, तेवढ्याच अर्ध्या श्वासात.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकला जायचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. तोवर खाशाबांनी मॅटवर धड सराव केलेला नव्हता. मॅटवर पाय रुतत नाही, सटकतो. हाताला घासायला माती नाही, घाम आला की पकड गेली. वर घड्याळ चाललेलं, आणि तीन पंच तुम्ही किती वेळा पुढाकार घेतला तेही बघताहेत. तिथे अमेरिकेचे रीस गार्डनर त्यांना शिकवायला मिळाले, स्वतः एकेकाळचे मोठे कुस्तीगीर. खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला काही मिनिटांतच हरवलं, अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरवलं, आणि इराणच्या मन्सूर रईसीकडून ते हरले. फ्लायवेटमध्ये सहावा क्रमांक. एवढ्या तोकड्या सरावावर जगात सहावा.

इथून पुढची चार वर्षं मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटतात. खाशाबांबद्दल जे लिहिलं जातं त्यात गरिबी, वर्गणी, सरकारची उदासीनता हेच जास्त येतं. ते खरंच आहे. पण त्यांची उपेक्षा सांगता सांगता त्यांची बुद्धी सांगायची राहून गेली. लंडनहून परत आलेला हा तरुण सहाव्या क्रमांकाचे सत्कार घेत बसला नाही. मॅटचा वेग त्याने पाहिला होता आणि आपला दम, आपले डाव तो त्या वेगाला बसवत राहिला. वजन मारून ५२ किलोत राहण्याऐवजी तो ५७ किलोच्या बँटमवेट गटात गेला. वरच्या गटात समोरचे गडी जास्त ताकदीचे असणार, हे माहीत असून घेतलेला हा निर्णय. उपाशीपोटी हलकं होऊन लढण्यापेक्षा पूर्ण ताकदीने लढणं त्याने निवडलं. आज मोठमोठे लढवय्ये नेमका हाच निर्णय आहारतज्ज्ञ आणि प्रशिक्षकांचा ताफा बसवून घेतात.

दोन ऑलिंपिकच्या मधल्या काळात देशही बदलला. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. १९४८ ला ज्या दरबाराने पैसे दिले, तो १९५२ ला राहिलाच नव्हता, आणि त्याची जागा घेणारं सरकारी खातं अजून उभं राहायचं होतं. खाशाबा नेमके या फटीत सापडले. आधी निवडीतच अडचण आली. चाचणीत त्यांना एक गुण कमी देऊन मागे ठेवलं गेलं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लागली आणि त्यांनी समोरच्याला चीत करून वाद मिटवला. गुणांत अडकलेलं भांडण निकाली कुस्तीने सोडवलं म्हणायचं. मग पैसे. मुंबई सरकारकडे मदत मागितली तर खेळ झाल्यावर या असं उत्तर मिळालं, असं जाधव कुटुंबाकडून सांगितलं जातं. गोळेश्वर आणि कऱ्हाडच्या लोकांनी, दुकानदारांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. १९५२ चे सात हजार! एका विद्यार्थ्याच्या डावावर एका शिक्षकाने आपलं घर लावलं.

हेलसिंकीच्या मेसुहाल्ली सभागृहात जुलै १९५२ मध्ये फ्रीस्टाइल कुस्त्या झाल्या. तेव्हाची पद्धत आजच्यासारखी सरळ बाद फेरीची नव्हती. प्रत्येक कुस्तीनंतर दोषगुण मिळायचे. चीतपट जिंकलात तर शून्य. पंचांच्या कौलाने जिंकलात तरी एक दोषगुण, हरलात तर जास्त. ठरावीक दोषगुण साठले की तुम्ही बाहेर. म्हणजे नुसतं जिंकून भागत नव्हतं, कसं जिंकलात तेही मोजलं जात होतं. चीतपटीला एवढी किंमत देणारी ही पद्धत मातीतून आलेल्या मल्लाच्या पथ्यावर पडणारी होती, आणि खाशाबांनी ती साधली. कॅनडाचा आड्रियान पोलिक्विन, मेक्सिकोचा लिओनार्दो बासुर्तो, जर्मनीचा फर्डिनांड श्मिट्झ, तिघेही हरले. खाशाबा शेवटच्या तिघांत आले.

उरलेल्या दोघांपैकी एक होता जपानचा शोहाची इशी. त्याची गोष्ट सांगायलाच हवी. तो मुळात जुदोचा खेळाडू. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या ताबा-प्रशासनाने जपानमध्ये जुदोवर बंदी घातली म्हणून तो कुस्तीकडे वळला. एका विद्येतलं शरीर दुसऱ्या विद्येच्या नियमांत बसवलेला माणूस खाशाबांसमोर उभा राहिला, आणि खाशाबा स्वतःही तसेच होते. मातीचा मल्ल आणि जुदोका, युरोपातल्या मॅटवर. ही कुस्ती पंधरा मिनिटांवर चालली आणि इशी जिंकला. हेलसिंकीत जपानला मिळालेलं एकमेव सुवर्णपदक त्याचंच.

त्यानंतर जे घडलं त्याचा सल महाराष्ट्राला अजून आहे. इशीशी झुंजून दमलेल्या खाशाबांना लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेयोवशी लढायला बोलावलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी, असा नियम होता. ते पंचांना ठणकावून सांगायला भारतीय पथकातला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. परक्या भाषेत एकट्या मल्लाने वाद तरी कुणाशी घालायचा? खाशाबा मॅटवर गेले आणि हरले. मामेदबेयोवला रौप्य, खाशाबांना कांस्य. २३ जुलै १९५२. स्वतंत्र भारताचं ऑलिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक. नियमपुस्तक माहीत असलेला आणि ते हातात घेऊन पंचांपुढे उभा राहणारा माणूस कोपऱ्यात असणं हा लढतीचाच भाग असतो. झबिस्कोने १९१० मध्ये नियमांचा फायदा स्वतः उठवला होता. खाशाबांच्या वाट्याला हक्काचा अर्धा तासही आला नाही.

त्याच हेलसिंकीत कोल्हापूरचे केशव माणगावे वरच्या, म्हणजे फेदरवेट गटात चौथे आले. एकाच शहरात घडलेले दोन मल्ल, एकाच ऑलिंपिकमध्ये तिसरा आणि चौथा! चौथ्या क्रमांकाला पदक नसतं म्हणून माणगावे यांचं नाव आज कुस्तीच्या जाणकारांपलीकडे फारसं कुणी घेत नाही. शाहू महाराजांच्या काळापासून तालमींत जे साठत आलं होतं, त्याचा पुरावा म्हणून ही दोन नावं शेजारी शेजारीच लिहायला हवीत.

खाशाबांच्या पदकाच्या दुसऱ्याच दिवशी, २४ जुलैला, भारताने हॉकीच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सला ६-१ हरवलं, त्यातले पाच गोल बलबीरसिंग यांचे. देश त्या आनंदात बुडाला. कांस्याचा जल्लोष झाला तो कऱ्हाडला. शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. खाशाबांनी परत येऊन पहिलं काम केलं ते कुस्त्यांचं मैदान भरवायचं. स्वतः लढले आणि त्या पैशातून खर्डीकरांचं घर सोडवलं. १९५५ मध्ये ते पोलिसांत उपनिरीक्षक म्हणून लागले, साहाय्यक आयुक्त होऊन निवृत्त झाले आणि निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावं लागलं. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार आला तो मरणोत्तर. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव मिळालं २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी. त्यांच्यानंतरचं भारताचं वैयक्तिक पदक यायला १९९६ चं अटलांटा उजाडावं लागलं. ते लिअँडर पेसचं, टेनिसमधलं.

कुस्तीपुरतं बोलायचं तर त्या पदकानंतर महाराष्ट्रात दोन प्रवाह सुरू झाले आणि ते कधी एक झाले नाहीत. १९५९ मध्ये श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले, १९६० मध्ये गणपत आंदळकर. १९६१ पासून महाराष्ट्र केसरी सुरू झाली. हा मातीचा, गदेचा, नावाचा प्रवाह. दुसरीकडे १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत आंदळकर आणि कवठेपिरानचे मारुती माने या दोघांनीही प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य आणलं, मॅटवर. या दोघांना दोन्ही साधलं. पण गावातल्या पोराला गदा दिसायची, इनाम दिसायचं. मॅट दिसायला मॅट लागते, आणि ती विकत घेण्याइतके पैसे तालमीकडे नसायचे. हलक्या वजनाचा पोरगा पुन्हा दुपारच्या जोडीत गेला.

आता इमाम बक्षकडे परत येऊ. फाळणीनंतर हे घराणं पाकिस्तानात होतं. जून १९७६ मध्ये टोकियोत जपानचा अंतोनिओ इनोकी आणि मुष्टियोद्धा मुहम्मद अली यांची लढत झाली. दोन वेगळ्या विद्यांची गाठ घालण्याचा तो गाजलेला प्रयोग. अलीच्या ठोशांच्या टप्प्यात येऊच नये म्हणून इनोकी पंधरा फेऱ्यांतला बहुतेक वेळ पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला. लढत बरोबरीत सुटली, प्रेक्षक चिडले, अलीचे पाय सुजले. झबिस्को पोटावर पडला होता, इनोकी पाठीवर. त्याच वर्षी डिसेंबरात कराचीला इनोकीसमोर इमाम बक्षचा मुलगा अक्रम उभा राहिला. अक्रमच्या मातीच्या विद्येत सांध्याला पीळ देऊन शरणागती घेणं नव्हतं, पाठ लावणं होतं. इनोकीने त्याचा हात पकडून मागे मुरगळला. घराण्याचं नाव पाठीशी असलेल्या माणसाला शरण येणं जमलं नाही. हात कामातून गेला आणि लढत थांबवावी लागली. खासबागेचं मैदान ज्याच्या कुस्तीने खुलं झालं, त्याच्याच मुलाच्या बाबतीत हे व्हावं!

मिश्र मार्शल आर्ट्सचा आजचा खेळ याच प्रयोगांतून वाढला. तो भारतात व्यावसायिक रूपात मोठ्या प्रमाणावर आला २०१२ मध्ये, मुंबईत सुरू झालेल्या सुपर फाइट लीगमुळे. तिथून पुढे आलेल्या भरत खंडारे यांना अमेरिकेच्या यूएफसी या स्पर्धेने करारबद्ध केलं. या स्पर्धेत उतरणारा भारतात वाढलेला पहिला लढवय्या महाराष्ट्रातला निघाला. २५ नोव्हेंबर २०१७ ला शांघायमध्ये चीनच्या साँग यादाँगने पहिल्याच फेरीत त्यांचा गळा आवळून लढत जिंकली. या पकडीला कुस्तीगीर हमखास घाबरतात. पट काढायला डोकं खाली घालून घुसायचं, हा आपल्या कुस्तीचा पाया. मातीत आणि मॅटवरही ते सुरक्षित आहे. पिंजऱ्यात मात्र नेमकी तेव्हा मान समोरच्याच्या काखेत जाते. म्हणून या खेळात कुस्तीगीराला पट नव्याने शिकावा लागतो, डोकं आणि नजर वर ठेवून. जे तो शिकतात ते मोठे होतात. अमेरिका आणि दागेस्तानचे कितीतरी विजेते मूळचे कुस्तीगीरच आहेत. भारतीय महिलेचा यूएफसीतला पहिला विजय जून २०२४ मध्ये पूजा तोमरने मिळवला. ती वुशूतून आलेली.

पिंजऱ्यातून पुन्हा आपल्या आखाड्यात येऊ. महाराष्ट्र केसरीत आज दोन विभाग आहेत, माती आणि गादी, म्हणजे मॅट. दोन्हींतले विजेते शेवटी एकमेकांशी लढतात. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या स्पर्धेत माती विभागाच्या अंतिम लढतीत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड समोरासमोर आले. गायकवाडच्या बाहेरच्या टांगेला पंचांनी चार गुण दिले आणि शेख हरला. डाव पुरा बसला होता का, चार गुणांचा होता का, यावर राज्यभर वाद पेटला. गावागावांत लोक मोबाइलवर तो क्षण थांबवून थांबवून पाहत होते. खांदा टेकला की नाही, एवढंच विचारणाऱ्या मातीच्या प्रेक्षकाला आता कोन आणि गुण मोजावे लागले. गदा गादी विभागातून आलेल्या शिवराज राक्षेकडे गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावला पुन्हा महाराष्ट्र केसरी झाली. अंतिम लढत शेख आणि राक्षे यांची. शेखने झोळी डाव टाकला आणि राक्षेला अर्ध्या मिनिटाच्या आत चीत केलं. पंचांना गुण मोजायची वेळच आली नाही.